वावी ते कसारा, मेंढरांच्या मागे

नाशिक जिल्ह्यातला पाऊस पूर्वेकडून पश्चिमेकडे मोजत गेलं, तर हा एकच जिल्हा आहे यावर विश्वास बसत नाही. येवला, नांदगाव आणि सिन्नरच्या पूर्व भागात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही लहर लागली तर. तिथून जेमतेम शंभर किलोमीटरवरच्या इगतपुरीत मात्र तो तीन हजारांच्या पुढे जातो. सरकारी तक्त्यात हे दोन आकडे नुसतेच एकाखाली एक बसलेले असतात. धनगरांनी या दोन आकड्यांच्या मधल्या वाटेवर एक अख्खा व्यवसाय उभा केला आहे.

दिवाळी झाली, बाजरी-सोयाबीन निघालं, की वावी, पांगरी, दोडी, नांदूर शिंगोटे या पट्ट्यातले वाडे पश्चिमेकडे सरकू लागतात. वाडा म्हणजे एकत्र चालणारी चार-सहा बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, सगळं मिळून. काही वाडे निफाड-दिंडोरीच्या बागायतीत थांबतात. काही सिन्नर, घोटी, इगतपुरी करत कसारा घाट उतरतात आणि शहापूर-भिवंडीकडच्या भातखाचरांत उन्हाळा काढतात. मृगाच्या आधी परत माळावर. अशा एका वाड्याच्या मागे मी वावीपासून कसारा घाटाच्या माथ्यापर्यंत गेले. थोडी पायी, थोडी एसटीने, आणि पाय बोलू लागले तेव्हा वाड्यातल्या सामानाच्या छोट्या हत्तीत गोण्यांवर बसून.

निमित्त पुस्तकी होतं. केनियातले तुर्काना आणि सांबुरू, इथिओपियाच्या दक्षिणेचे बोराना, केनिया-टांझानियातले मसाई यांच्याविषयी मी बरेच दिवस वाचत होते. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणं आणि पशुपालक यांचं म्हणून जाहीर केलं आहे. प्रस्ताव मंगोलियाचा होता. त्यामुळे या विषयावर एकाएकी पुष्कळ लिहून येऊ लागलं. बोरानांच्या खोल विहिरींचा व्यवहार मला पाठ झाला होता, पण दरवर्षी आमच्या नाशिक-पुणे रस्त्यावर गाडी अडवणारी मेंढरं कुठून येतात आणि कुठे जातात, हे मी कधी विचारलं नव्हतं. आपल्याकडे अभ्यासाचं हे असंच असतं.

वाडा हलताना पाहायचा तर पहाटे पोचावं लागतं. मेंढरं हा पुरुषांचा विभाग, बाकीचं सगळं बायकांचं. पुरुष काठी खांद्यावर टाकून कळप शेताशेतांतून, बांधाबांधाने चारत नेतात. बायका घोडी लादतात आणि रस्त्याने थेट पुढच्या तळावर जातात. ताडपत्री, दळणाच्या गोण्या, हंडे-कळशा, कोंबड्यांचं डालगं, वाघूर, आणि सगळ्यांच्या वर रात्री जन्मलेली कोकरं. वाघूर म्हणजे मेंढरं रात्री कोंडण्यासाठी काठ्यांना बांधायची जाळी. एका घोडीवर हे कसं मावतं याचं शास्त्र वाड्यातल्या धाकट्या सुनेकडे होतं. मी मदतीला हात घातला तर तिने हसून मला बाजूला केलं, “ताई, तुम्ही ऱ्हाऊ द्या, एका अंगाला वजन गेलं तर घोडी बसंल.”

पुढच्या तळावर पोचलं, की पाणी कुठे, सरपण कुठे, चूल कुठे मांडायची, हे सारं पुरुष येण्याआधी ठरलेलं असतं. आजारी मेंढरू दिवसभर बायकांजवळ असतं. दूध न पाजणाऱ्या मेंढीचं तोंड धरून तिच्या अंगाखाली कोकरू लावणं, मेलेल्या कोकराच्या आईला दुसऱ्याचं कोकरू चिकटवणं, ही कामं मी फक्त बायकांनाच करताना पाहिली. योजनांच्या अर्जावर मात्र मेंढपाळ म्हणून नाव बहुतेक वेळा पुरुषाचं.

वाड्याचा कारभारी साठीचा, पांढरं मुंडासं, मोटारसायकल. चालण्याचं काम आता मुलगा आणि पुतण्या करतात. कारभारी पुढे जाऊन शेतं ठरवतो. त्याच्या फोनमध्ये वावीपासून भिवंडीपर्यंतच्या शेतकऱ्यांचे नंबर आहेत आणि ते नावाने नव्हे, विहिरीने साठवलेले आहेत: ‘चिंचवाली विहीर’, ‘दोन मोटरी’, ‘तुटका कठडा’. लिहिता न येणाऱ्या माणसाचे हे नंबर नातवाने भरून दिले आहेत. कोणत्या शेतात गेल्या वर्षी काय पीक होतं, मालकाने पैसे वेळेवर दिले का, त्याच्या बायकोने ताक दिलं का, हे सगळं त्याला तोंडपाठ.

ठरवायचं काय, तर मेंढरं बसवायची. रात्री वाघरीत मेंढरं शेतात बसतात, लेंडी आणि मूत जमिनीत जातं, दुसऱ्या रात्री वाघूर थोडी पुढे सरकते. असं करत सगळं शेत खतावून निघतं. त्याचे पैसे मिळतात, कुठे धान्य मिळतं, घाटाखाली भात मिळतो. रासायनिक खताचे भाव चढले तसा लेंडीखताचा मान वाढला. म्हणजे ज्याला आपण चारा खाऊन जाणारा म्हणतो, तो जाताना खत टाकून जातो, आणि दोन्ही बाजूंनी हिशोब पक्का असतो. मांसासाठी नर कोकरं विकणं ही मुख्य कमाई. व्यापारी तळावर येऊन घेऊन जातो. लोकर ही आता कमाई राहिली नाही. दख्खनी मेंढीची लोकर काळी, जाडीभरडी. तिची घोंगडी होते, पण घोंगडी विकत घेणारा माणूसच कमी झाला. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते, म्हणून कातरलेली लोकर बांधावर टाकून वाडा पुढे गेलेला मी पाहिला. वाड्यातल्या आजीने त्यातली थोडी पिशवीत भरून घेतली. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “टाकवत न्हाई.”

सिन्नरमध्ये गोंदेश्वराच्या जवळून गेलो. यादवकालीन देऊळ, दगडात कोरलेला एवढा पसारा. यादवांचं मूळ पशुपालकांत शोधणारे अभ्यासक आहेत. धनगरांच्या देवांमागे महाराष्ट्रभर हिंडलेल्या गुंथर सोन्थायमर या जर्मन संशोधकाने तर खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा यांच्या कथांतून माळावरचा सगळा इतिहास उकलायचा प्रयत्न केला. कारभाऱ्याला मी हे सांगितलं. त्याचं लक्ष रस्त्यापलीकडच्या मक्याच्या धाटांकडे होतं. त्याच्या देवाचं ठाणं दोडीला, म्हाळोबाला. तिथे यात्रेला तो कोकणातूनही येतो, बस पकडून, आणि दुसऱ्या दिवशी परत मेंढरांत.

पांढुर्लीच्या अलीकडे जे पाहिलं, ते या प्रवासात सगळ्यात जास्त मनात राहिलं. एका शेतकऱ्याचा फोन आला. कोबी उभा आहे, बाजारात भाव नाही, काढणीची मजुरीही निघत नाही, मेंढरं घेऊन या. नाशिक जिल्ह्यात हे नवं नाही. कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, कोथिंबीर, कांदा, ज्याचा भाव पडेल त्या पिकात मेंढरं सोडल्याचे फोटो दर एक-दोन वर्षांनी वर्तमानपत्रात येतातच. आपण ते शेतकऱ्याच्या बाजूने पाहतो. मेंढपाळाच्या बाजूने मी पहिल्यांदाच पाहत होते.

कारभारी शेताच्या कडेला उभा राहिला आणि त्याने आधी एकच प्रश्न विचारला, “फवारलं कधी?” शेतकऱ्याने दिवस सांगितले. कारभाऱ्याने एक गड्डा उपटला, पानं वेगळी करून हुंगली, एक पान दातांखाली चावून थुंकलं. मग मुलाला सांगून मेंढरं मागे, बाजरीच्या सुक्या सरमाडावर वळवली. रिकाम्या पोटी ओल्या कोबीवर सुटलं तर पोट फुगतं आणि तासाभरात जनावर आडवं होतं. आधी कोरडं, मग हिरवं, आणि हिरवंही बेताने. दुपार कलल्यावर अर्धा कळप कोबीत शिरला. कराकरा आवाज सुरू झाला. शेतकरी विहिरीच्या कठड्यावर शेताकडे पाठ करून बसला होता. त्याची बायको मात्र बांधावर येऊन उभी राहिली आणि वाड्यातल्या आजीशी बोलत बसली, मुलीच्या बाळंतपणाचं.

त्या रात्री मेंढरं त्याच शेतात बसली. बसवायचे पैसे कारभाऱ्याने मागितले नाहीत आणि शेतकऱ्याने चाऱ्याचे. पुढच्या वर्षी कांदा चांगला गेला की तेव्हा बघू, एवढंच बोलणं झालं. बाजार कोसळला तर मेंढपाळाला चारा मिळतो. बाजार चढला तर शेतकरी शेताला कुंपण घालतो. तरीही दोघं एकमेकांचे नंबर पुसत नाहीत.

पूर्व आफ्रिकेवरचं वाचन इथे कामाला आलं. २०२० च्या शेवटापासून २०२३ च्या सुरुवातीपर्यंत आफ्रिकेच्या पूर्व टोकावर लागोपाठ पाच पावसाळे कोरडे गेले. एकट्या केनियात पंचवीस लाखांहून जास्त जनावरं मेली. त्यातूनही जी कुटुंबं तगली, त्यांच्याकडे बहुधा तीन गोष्टी होत्या: हलायला वाट, एकाऐवजी अनेक प्रकारची जनावरं आणि हात देणारी भावकी. सांबुरू आता गाईंच्या जागी उंट वाढवत आहेत, कारण उंट झाडपाल्यावर आणि थोड्या पाण्यावर निभावतो. बोरानांमध्ये ज्याची जनावरं दुष्काळात गेली, त्याला कुळाने जनावरं द्यायची रीत आहे. त्याला ते बुसा गोनोफा म्हणतात.

वाड्यात मी हे सांगितलं तेव्हा आजीला त्यात काही विशेष वाटलं नाही. “मंग? आम्हाला कोनी दिलं?” म्हणाली. आणि मग डिसेंबर २०२१ ची गोष्ट निघाली. त्या महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत ऐन हिवाळ्यात पाऊस लागला. पुणे, नगर, नाशिक जिल्ह्यांत उघड्यावर बसलेली हजारो मेंढरं गारठून मेली. लोकर भिजली की मेंढीच्या अंगावर ओलं घोंगडं घातल्यासारखं होतं. वारा सुटला की ती कळपात दाटीने घुसते, आणि मधली गुदमरून, कडेची गारठून जातात. या वाड्यातली निम्मी गेली. रात्रभर बायकांनी कोकरं आपल्या पदराखाली, ताडपत्रीखाली, स्वतःच्या अंथरुणात घेतली. त्यातली काही वाचली. पुढच्या महिन्यात भावकीतून, सोयऱ्यांतून एकेक, दोन-दोन मेंढ्या आल्या. लेकीच्या सासरहून सुद्धा. व्याजाचा कागद नाही, परत करायची तारीख नाही. तुमच्यावर वेळ येईल तेव्हा आम्ही.

सरकारी भरपाईचा रस्ता वेगळा. मेलेलं जनावर दाखवा, पशुवैद्यक दाखला देईल, तलाठी पंचनामा करेल. वाडा ज्या तालुक्यात मेंढरं गमावतो, त्या तालुक्यातला तो रहिवासी नसतो. आणि पुढच्या शेताची बोली झालेली असते, तिथे न पोचावं तर उरलेल्यांचं पोट जातं. शिवाय २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या आपत्ती निकषांत एका शेळी-मेंढीला ४,००० रुपये, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त तीस लहान दुभत्या जनावरांपुरते. शंभर गेलेल्याने सत्तर विसरायची. केनियाच्या मार्साबित भागात २०१० पासून एक वेगळा विमा चालतो. उपग्रहाने कुरणाचा हिरवेपणा मोजायचा. तो ठरावीक पातळीखाली गेला, की त्या भागातल्या विमा घेतलेल्या प्रत्येकाला पैसे. मेलेलं जनावर दाखवायची गरज नाही. तोही विमा निर्दोष नाही. हप्ता परवडत नाही, उपग्रहाला हिरवं दिसलेलं जनावराला खाण्याजोगं असतंच असं नाही. पण चालत्या माणसाकडे थांबून पंचनामा मागू नये, एवढं तरी त्यांनी ओळखलं. आपल्याकडच्या गारठ्याच्या मरणाला असंच तापमान आणि पाऊस यांच्या नोंदींवर चालणारं काही करता येईल का, याचा विचार आपल्या कृषी खात्यात आणि विद्यापीठांत कुणीतरी करायला हवा.

भरवीरजवळ समृद्धी महामार्ग आडवा येतो. शिर्डी ते भरवीर हा त्याचा तुकडा मे २०२३ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये नागपूर ते आमणे हा सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. वेगाची गाडी आणि मोकळं जनावर समोरासमोर येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना कुंपण. ते असायलाच हवं. पण कळपाला आता पूर्वीच्या पायवाटेऐवजी खालच्या बोगद्यासारख्या मोरीपर्यंत वळसा घालावा लागतो. तिथे ट्रॅक्टर, दुचाक्या, शाळेची मुलं आणि शेकडो मेंढरं एकाच वेळी घुसतात. पुतण्याने मेंढरं आत घातली तेव्हा कुत्री दोन्ही तोंडांशी उभी राहिली, जणू काही ही मोरी बांधताना त्यांना विचारलं होतं.

कुंपणं पुष्कळ आहेत. गावोगावचं गायरान आक्रसलं आहे: कुठे अतिक्रमण, कुठे इमारत, आणि आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीच्या दुसऱ्या टप्प्यात सरकारी पडीक जमिनींवर सौर पॅनेल. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हे योग्यच. पण पडीक म्हणून नोंदलेली जमीन कुणाच्या तरी जनावरांची असते, हे कागदावर दिसत नाही. केनियात तुर्काना सरोवराजवळ ३६५ पवनचक्क्यांचा प्रकल्प उभा राहिला. तिथल्या पशुपालकांनी जमिनीसाठी दावा लावला आणि २०२१ मध्ये न्यायालयाने जमिनीचे पट्टे नियमबाह्य दिल्याचं म्हटलं. पवनचक्क्या त्याआधीच फिरू लागल्या होत्या. पाणलोटाच्या कामांतही बहुधा चराईबंदीची अट असते. त्याने गवत येतं, हे मीही मानते. पण बंदी कुणाच्या जीवावर आणि गवत उगवल्यावर कुणाच्या गोठ्यात, हा हिशोब गावसभेत मांडला गेला, तरी तिथे वाड्यातलं कुणीच हजर नसतं.

घोटीच्या पुढे हवा बदलली. इथली जनावरं वेगळी: डांगी गाई-बैल, ठिपक्या-ठिपक्यांचे, कातडीवर तेलकट तकाकी, मुसळधार पावसात भातखाचरात उभे राहणारे. महादेव कोळी, ठाकर आणि कानडी समाजांनी जपलेली ही जात. आमच्या कारभाऱ्याला त्यांचं कौतुक, पण हेवा नाही. “आपलं मेंढरू हितल्या पावसात आठ दिस टिकायचं न्हाई, खुरं सडत्यात.” म्हणूनच परतीची घाई. दख्खनी मेंढी कोरड्या माळाची, डांगी ओल्या डोंगराची, आणि दोघांची पंचाईत अशी की माळही कमी होतो आहे आणि डोंगरही. फलटणच्या निंबकर संस्थेने दख्खनी मेंढीत जुळं देण्याचा गुण आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली, तिच्याविषयी मी विचारलं. एका जागी पाळणाऱ्याला बरी, असं कारभारी म्हणाला. चालत्या मेंढीला दोन कोकरांचं दूध पुरवणं अवघड. सोलापूर-सांगलीकडची माडग्याळ मात्र त्याला हवी आहे, वजनासाठी. एक मेंढा घेतला आहे. चालायला कुरकुरतो म्हणे.

कारभाऱ्याचा नातू आठवीत आहे, गावी आजोळी. सुट्टीत वाड्यावर येतो, फोनवर व्हिडिओ दाखवतो, आणि मेंढरांमागे जायला नको म्हणतो. पुतण्याचं लग्न अडलं आहे. मुलीकडच्यांनी विचारलं, घर कुठे? घर वावीला आहे, स्लॅबचं. पण मुलीला वर्षातले सात-आठ महिने ताडपत्रीखाली काढायचे नाहीत, आणि तिला दोष देता येत नाही. घोडी कशी लादतात, हे मी पाहिलं आहे.

घाटमाथ्यावरच्या घाटनदेवीच्या देवळापाशी वाडा थांबला. बायकांनी नारळ फोडला, पुरुषांनी मेंढरं मोजली. खाली कसारा, पुढे शहापूर, आणि त्याच्या पुढे भिवंडीची भातशेती, जिचा बराच भाग आता गोदामांखाली गेला आहे. गेल्या वर्षीच्या दोन शेतांवर यंदा पत्र्याच्या शेड आहेत, असं कळलेलं असल्यामुळे कारभारी आदल्या दिवशीच पुढे जाऊन नवीन शेतं पाहून आला होता. मी तिथूनच परत फिरले.

माझं मत आता पक्कं आहे. धनगराला एका जागी बसवून त्याचं भलं होईल, ही कल्पना सोडून द्यावी. केनियात काजियादो भागातल्या मसाईंच्या सामाईक कुरणांचे तुकडे पाडून वैयक्तिक सातबारे देण्याचा प्रयोग झाला. तुकडे विकले गेले, कुंपणं उभी राहिली, आणि दुष्काळात हलायला जागा उरली नाही. आपल्याकडे राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आहे, तिच्यात ७५ टक्के अनुदानावर वीस मेंढ्या आणि एक मेंढा मिळतो. जून ते सप्टेंबर, शेतं पिकांखाली असताना, महिना ६,००० रुपये चराई अनुदान आहे. दोन्ही गोष्टी चांगल्या. पण मेंढ्या देणं सोपं आहे, त्यांना चालायला जमीन ठेवणं अवघड. २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत पहिल्यांदाच भटक्या पशुपालकांची वेगळी नोंद झाली. त्या नोंदीवरून वाटा, तळ आणि पाणवठे नकाशावर यावेत. ज्या गावांतून वाडे जातात, तिथल्या ग्रामपंचायतींनी गायरानाचा एखादा तुकडा आणि एक हौद त्यांच्यासाठी राखावा. आंत्रविषार आणि पीपीआर या मेंढरांच्या रोगांवरची लस तळावर मिळावी. कुठल्या तालुक्याचे, हे नंतर विचारता येईल.

आणि शेत असलेल्या वाचकांना एक विनंती. यंदा तुमच्या बांधावर वाडा आला, तर चाऱ्याचं, खताचं, पैशांचं जे ठरवायचं ते ठरवा. पण त्याने विचारण्याची वाट न पाहता एक गोष्ट आधी सांगा: शेवटची फवारणी कधी केली आणि कशाची.